रंगुबाईची गाडी, नाथाजीचा विमा

कुंडलच्या नाथाजीला कुणी धंदा विचारला की तो ‘शेती’ म्हणून मोकळा होतो. शेती आहे पंधरा गुंठे, वाटणीत आलेली, कोपऱ्यातली, आणि वर्षभरात तो तिथं जितक्या वेळा जातो त्याहून जास्त वेळा रेल्वेच्या फाटकात अडकून पडतो. पण सवय. रेशनकार्डावर शेती, बँकेत शेती, मुलीच्या शाळेच्या कागदावर बापाचा व्यवसाय शेती. प्रत्यक्षात हा माणूस गेली सात वर्षं रोज सकाळी साडेसहाला आपला छोटा हत्ती टेम्पो बाहेर काढतो, सांगलीला माधवनगर रस्त्यावरच्या गोडाऊनमधून पार्सलं भरतो आणि नांद्रे, वसगडे, भिलवडी, पलूस करत ऐंशी-नव्वद घरांच्या दारात उभा राहतो. सांगलीला रिकामं जायचं नाही म्हणून सकाळी हौद्यात कधी गुळाच्या ढेपा असतात, कधी हळदीची पोती, कधी लग्नाच्या खुर्च्या. तो पार्सल कंपनीचा नोकर नाही. कंपनी त्याला भागीदार म्हणते. या भागीदारीत त्याच्या वाट्याला डिझेल, टायर आणि ऊन आलेलं आहे.

माणूस अंगानं किडकिडीत, बोलायला कमी, पण शिस्तीचा. कुणाच्या दारात दोनदा हॉर्न वाजवणार नाही. म्हाताऱ्या माणसाचं पार्सल असलं तर आत नेऊन, फोडून, चालू करून दाखवणार. वसगड्याच्या एका आजीनं नातवाकडून कुकर मागवला होता, तेव्हा शिट्टी नीट बसते की नाही हे बघायला हा तिच्या चुलीपाशी वीस मिनिटं बसला आणि बाकीच्यांची पार्सलं उशिरा गेली म्हणून कंपनीनं त्याचा तारा कापला. कंपनी चांगल्या भागीदाराला फोनवर तारे देते. नाथाजीला त्या ताऱ्यांचा राग येतो, पण तो रोज मोजतो.

आता गाडीची गोष्ट. आपल्याकडं घरात पहिली गाडी आली की ती आईच्या नावावर घ्यायची, ही रीतच पडून गेली आहे. काहींचं काचेवर ‘आईची कृपा’ लिहून भागतं, नाथाजीनं ते सरकारी कागदावर लिहून घेतलं. त्याला तसं कारणही होतं. त्याची आई रंगुबाई हिच्या नावावर जन्मात काही नव्हतं. माहेरची जमीन भावांनी हक्कसोड करून घेतली. सासरचं घर थोरल्या दिराच्या नावावर. गॅसची टाकी नवऱ्याच्या नावावर होती, ती तो गेल्यावर सुनेच्या, म्हणजे अक्षताच्या नावावर झाली. त्या हक्कसोडीच्या दिवशी भावांनी तिला तालुक्याच्या कचेरीत नेलं, चहा पाजला, बोट धरून तीन ठिकाणी अंगठा उठवला आणि एसटीत बसवून दिलं. काय कागद होता ते तिला दोन वर्षांनी कळलं. त्यानंतर ती हट्टानं प्रौढांच्या वर्गात जाऊन सही करायला शिकली. बाकी अक्षरं तिनं मनावर घेतली नाहीत.

म्हणून गाडी घ्यायच्या वेळी शोरूमच्या माणसानं नाव विचारलं तेव्हा नाथाजीनं क्षणाचाही विचार न करता आईचं सांगितलं. पहिल्या हप्त्यासाठी तिनं पाटल्या मोडल्या होत्या, हेही होतंच. तेव्हापासून गल्लीत तिला मालकीणबाई म्हणतात. लोक थट्टेनं म्हणतात, ती खऱ्यानं घेते. गाडी संध्याकाळी दारात आली की ती भोवतीनं एक फेरी मारते, चाकाला चिखल दिसला की नाथाजीला बोलते, आणि कुणी हौद्याला टेकून तंबाखू मळत असला तर त्याला तिथून उठवते. दसऱ्याला ती पुढच्या सीटवर बसते आणि गाडी फक्त मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन येते.

या गाडीचा विमा सांगलीचे जिनदत्तअण्णा उतरवत. गणपती पेठेच्या मागच्या बोळात त्यांचं छोटं ऑफिस आहे. घराण्याचा हळदीचा व्यापार भाऊ बघतात, हे विम्याकडं वळले. जुन्या वळणाचा माणूस, आता सगळं फोनवर होत असलं तरी दरवर्षी फॉर्मवर मालकाची सही घेतल्याशिवाय पुढं जात नाहीत. तो फॉर्म नाथाजी घरी न्यायचा. रंगुबाई हात धुऊन, चष्मा लावून, पाटावर बसून सही करायची. विमा कसला, किती, कशाचा, हे ना तिनं कधी विचारलं ना त्यानं. गोडाऊनच्या रांगेत उभ्या असलेल्या कुठल्याही ड्रायव्हरला विचारा, विमा म्हणजे पोलिसानं अडवल्यावर दाखवायचा कागद. त्यापुढं कुणाची अक्कल गेलेली नाही, आणि नाथाजीही त्याच रांगेतला.

गेल्या हिवाळ्यात आष्ट्याच्या जोतिबाचा अपघात झाला आणि रांगेतल्या सगळ्यांची झोप मोडली. जोतिबा याच गोडाऊनचा, पण साताऱ्याची फेरी करायचा. पहाटे उंब्रजच्या अलीकडं दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीला तो मागून जाऊन धडकला. साताऱ्याच्या दवाखान्यात त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. नाथाजी मोसंबी घेऊन आष्ट्याला बघायला गेला, तर अंगणात जोतिबाची गाडी उभी. नवं तोंड, नवी काच, नवा रंग. जोतिबा पुढच्या सोप्यात खाटेवर.

“गाडीला समदं मिळालं गड्या,” जोतिबा म्हणाला. “मला काय न्हाई.”

भानगड अशी होती की गाडी जोतिबाच्या वडलांच्या, हिंदुरावांच्या नावावर होती. विम्यात अपघाताची मोठी रक्कम होती, पण ती गाडीच्या मालकासाठी. मालक धडधाकट होते आणि त्यांनी उभ्या आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती. नाथाजी परत येताना पलूसपर्यंत एक शब्द बोलला नाही. गाडीत तो एकटाच होता, पण एरवी तो गाडीशी बोलतो.

विमा संपायला तेव्हा बारा दिवस राहिले होते. दुसऱ्या दिवशी पार्सलं टाकून तो सांगलीला उलटा गेला. जिनदत्तअण्णा जेवत होते. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं हा त्यांचा नेम, म्हणून थंडीत ते साडेपाचलाच डबा उघडतात. नाथाजीनं जोतिबाचं सांगितलं आणि विचारलं की माझं कसं आहे. अण्णांनी डाव्या हातानं संगणकावर त्याचा कागद उघडला, बघितला, आणि हातातला घास डब्यात ठेवला.

“मालक रंगुबाई,” ते म्हणाले. “त्यांच्याकडं लायसन हाय?”

“आईकडं? न्हाई.”

“मी नाव बघत आलो सात वर्सं. लायसन कुणाचं, ते एकदा बी इचारलं न्हाई. चूक माझी हाय, नाथाजी.”

मग त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं, आणि नाथाजीला विमा म्हणजे काय ते वयाच्या चाळिशीत पहिल्यांदा कळलं. कागदात तीन गोष्टी होत्या. एक, आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर, ती सक्तीची. दुसरी, आपली गाडी मोडली तर. ती ऐच्छिक, आणि हप्त्याचा मोठा भाग तिचाच. तिसरी, अपघातात मालकाचा जीव गेला, हात-पाय गेला तर पंधरा लाख. पण मालक स्वतः लायसनवाला पाहिजे. म्हणजे सात वर्षं नाथाजी अशा बाईच्या ड्रायव्हिंगचा विमा भरत होता जिनं स्टिअरिंगला फक्त हळदकुंकू लावलं होतं. गाडी जो चालवत होता त्याच्या जिवाचा उल्लेख त्या कागदात कुठंही नव्हता. ते भरलेले पैसे परत मागून बघतो, असं अण्णा म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

वाटा दोन होत्या. पहिली स्वस्त: गाडी स्वतःच्या नावावर करून घ्यायची, मग ते पंधरा लाख त्याला लागू. दुसरी: गाडी आईच्या नावावर राहू द्यायची आणि नाथाजीनं स्वतःच्या अंगाचा वेगळा अपघात विमा काढायचा. त्यात हातपाय मोडून अंथरुणावर पडला तरी आठवड्याला काही रक्कम मिळत राहते, जी पहिलीत मिळत नाही. पण ड्रायव्हर म्हटल्यावर हप्ता चढा. गाडीचा पुरा विमा आणि हा वेगळा विमा, दोन्ही मिळून त्याला झेपणार नव्हतं. औंदा चारही टायर बदलायचे होते आणि गाडीचं पासिंग तोंडावर होतं. आईनं मुलाला पगारी ड्रायव्हर ठेवलाय असं दाखवून त्याला गाडीच्याच विम्यात बसवायची एक फट होती, पण ती अण्णांनीच बुजवली. आई मुलाला पगार देते यावर कुणी विश्वास ठेवला तरी पगाराचा पुरावा कुठून आणायचा?

नाथाजीनं दोन दिवस विचार केला आणि पहिली वाट धरली. हिशेब सरळ होता. अवघड होतं ते आईला सांगणं. रंगुबाईचं वय अडुसष्ट. जन्मात एक वस्तू नावावर, तीही पाटल्या मोडून आलेली, आणि तीच आता काढून घ्यायची. गल्ली मालकीणबाई म्हणायची थांबली नसती, पण तिला कळलं असतं. तेव्हा न सांगता काम उरकायचं असं त्यानं ठरवलं. नाव बदलायचे फॉर्म आणले, विम्याच्या नेहमीच्या पिशवीत घातले. अक्षताला त्यानं सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली की हे बरं दिसत नाही. त्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

रविवारी दुपारी रंगुबाईनं हात धुतले, चष्मा लावला, पाटावर बसली.

“दर साली एक सही आसती. औंदा तीन?”

“नियम बदललाय,” नाथाजी म्हणाला.

“बरं.”

तिनं तीन सह्या केल्या. एकेक अक्षर दाबून, वरची रेघ शेवटी ओढून. शाई वाळावी म्हणून कागदांवर फुंकर घातली आणि ते दोन्ही हातांनी त्याच्याकडं दिले. मग दरवर्षी म्हणायची ते म्हणाली, की झाला माझ्या गाडीचा आणि तुझ्या जिवाचा विमा. ती असं म्हणते हे त्याला ठाऊक होतं, पण यापूर्वी कधी कानात शिरलं नव्हतं.

तो बाहेर जाऊन गाडीत बसला. किल्ली लावली नाही. मामांनी आईचा अंगठा कसा उठवला हे त्यानं आजवर कितीतरी जणांना सांगितलं होतं, आणि सांगताना दरवेळी मामांना शिव्या घातल्या होत्या. तीन अंगठे होते तेव्हा. चहा तरी पाजला होता त्यांनी. नाथाजीला स्वतःची लाज वाटली, इतकी की आरशात स्वतःचं तोंड दिसू नये म्हणून त्यानं तो वर वळवला. कारण चांगलं होतं, हे तो मनाशी म्हणून बघत होता. पण मामांनाही त्यांची कारणं चांगलीच वाटली असणार.

अर्ध्या तासानं तो आत आला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. जोतिबाचा पाय, अण्णांची चूक, पंधरा लाख, आणि हे कागद कसले आहेत ते. रंगुबाई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला नाही. सांगून झाल्यावर तिनं सुपातले दोन खडे वेचून बाजूला टाकले.

“इचारलं आसतंस तर मी न्हाई म्हणाले नसते,” ती म्हणाली. “माज्या भावांनी बी इचारलं न्हवतं.”

नाथाजी खाली बसला. सूप बाजूला ठेवून ती वेगळंच विचारू लागली. गाडी त्याच्या नावावर झाली आणि त्याचा नुसता पाय मोडला, तोडावा लागला नाही, तर काय मिळतं? काही नाही. तीन महिने अंथरुणावर पडला तर? काही नाही. मग मिळतं कशानं? त्यानं दुसऱ्या वाटेचं सांगितलं, आणि त्यासाठी गाडीच्या मोडतोडीचा विमा सोडावा लागेल हेही. गाडी मोडली तर एक रुपया येणार नाही. गाडी तिची, पाटल्या तिच्या, ती अशी कशी उघडी टाकायची?

“गाडी माजी हाय न्हवं?”

“हाय की.”

“मंग गाडीचं काय करायचं ते मी सांगते. पत्रा हाय तो. वाकला तर ठोकून घिऊ. तू धड आसलास तर दुसऱ्याची गाडी चालवशील. गाडी धड आन तू मोडल्याला, मंग ती चालवायची कुणी, मी? माज्याकडं तर लायसन बी न्हाई म्हणतोस.”

अक्षता स्वयंपाकघराच्या दारात हसली. नाथाजीला हसू येत नव्हतं, पण थोडं आलं. रंगुबाईनं पुन्हा चष्मा लावला, कागद मागून घेतले आणि आपल्या तिन्ही सह्यांवर आडवी रेघ मारली. सह्या करायला लागला होता तेवढाच वेळ तिनं त्या खोडायला घेतला. मालकीण म्हणून तिनं सात वर्षांत घेतलेला हा पहिला निर्णय. चाकाचा चिखल सोडला तर.

मंगळवारी नाथाजी जिनदत्तअण्णांकडं गेला. अण्णांनी गाडीचा नुसता सक्तीचा विमा केला. मालकाच्या अपघाताचा भाग त्यांनी या खेपेला काढून टाकला आणि मालकाकडं लायसन नाही असं लेखी जोडलं. गाडीचं कर्ज दोन वर्षांपूर्वीच फिटलेलं असल्यामुळं बँकेची आडकाठी नव्हती. मग नाथाजीच्या अंगाचा फॉर्म काढला. व्यवसाय विचारल्यावर तो सवयीनं शेती म्हणाला. शेती लिहिलं तर हप्ता बराच खाली येतो, हे अण्णांनी लपवलं नाही. पण उद्या काही झालं आणि गाडीत पार्सलं सापडली तर हाच शब्द पुढं करून विमा कंपनी हात वर करेल, हेही सांगितलं. नाथाजीनं खिडकीबाहेर बघितलं. बोळात त्याचा छोटा हत्ती अर्धा गटारीवर उभा होता.

“ड्रायव्हर लिवा,” तो म्हणाला. “मालाची गाडी. रोजची.”

वारस म्हणून त्यानं अक्षताचं नाव दिलं. पुढं आठवडाभर गाडीच्या मोडतोडीला विमा नाही या धास्तीनं तो इतका हळू चालवत होता की पार्सलं उशिरा पोचून दोन तारे गेले. नंतर सवय झाली.

विम्याचा कागद शुक्रवारी फोनवर आला. संध्याकाळी तो आईजवळ बसला आणि सगळा वाचून दाखवला. यापूर्वी असं त्यानं कधी केलं नव्हतं. जीव गेला तर इतके, हात किंवा पाय गेला तर इतके, डोळा गेला तर इतके, अंथरुणावर पडला तर आठवड्याला इतके. रंगुबाई ऐकत होती. आपल्या पोराचे असे एकेक अवयव आणि त्यापुढचे आकडे ऐकणं तिला सोसत नव्हतं हे तिच्या तोंडावर दिसत होतं, तरी तिनं त्याला मधेच थांबवलं नाही. सगळं वाचून झाल्यावर तिनं विचारलं,

“आन तुला काय झालंच न्हाई तर? पैसं माघारी येत्यात?”

“न्हाई. बुडत्यात. दर साली नवं भरायचं.”

“बुडू देत,” ती म्हणाली. “दर साली बुडू देत.”